कासववाले सर आणि मी लिहिलेला अहवाल

आमच्या कॉलेजची स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळातले एक तरुण प्राध्यापक मागच्या महिन्यात पेढे घेऊन घरी आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही उपप्राचार्य होतात तेव्हा आपल्या कॉलेजनं समुद्रावर काम केलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात असं कुणी केलं नसेल. त्यावर दोन पानं द्या. गोड लिहा."

गोड लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. नोकरीची शेवटची बारा वर्षं मी बहुतेक अहवालच लिहिले. वृक्षारोपणाचे अहवाल असे लिहिले, की त्यातली झाडं खरोखर जगली असती तर कॉलेजात शिरायला वाट उरली नसती. पण समुद्रावरच्या कामाचा शेवटचा अहवाल मी लिहिला तो खोटा होता. त्यातल्या एका ओळीमुळे एका चांगल्या शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत शेरा बसला. तो शेरा आजही तिथंच आहे, आणि तो शिक्षकही आहे, ढाणकीला, आपल्या घरी. त्यांच्याविषयी लिहायचं तर ती ओळ आधी दुरुस्त करायला हवी. त्यामुळे हे गोड होणार नाही, आणि दोन पानांत बसणारही नाही. पेढे मी खाल्ले, त्याबद्दल क्षमस्व.

त्यांना सगळे कासववाले सर म्हणत. प्राणिशास्त्र शिकवायचे. ढाणकीहून रोज एस.टी.नं येत. अंगात फिका निळा बुशशर्ट, आणि खिशाला जिथं आम्ही पेन लावतो तिथं त्यांचा चिमटा. खांद्यावर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात छापलेली पिशवी आणि तिच्यात आणखी चार रिकाम्या पिशव्या. बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत चालत येताना ते चिमट्यानं कचरा उचलत. मस्टरवर सही करण्याआधी पिशवी हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवून वार्ता देत, "आज गुटख्याच्या पुड्या कमी निंगाल्या. कोनीतरी दवाखान्यात हाय वाटते." हेडक्लार्क स्वतः गुटखा खात. ते दुसरीकडं बघत.

समुद्र आमच्याकडे परिपत्रकातून आला. प्रत्येक विभागानं समाजसेवेच्या माध्यमातून आपला विषय शिकवावा आणि त्याला गुण द्यावेत, असं वरून आलं होतं. सोबत विषयांची लांबलचक यादी. मी वनस्पतिशास्त्राचा. मी 'हिरवा परिसर' घेतला, कारण आमचा परिसर कागदावर आधीच हिरवा होता. सरांनी यादीतल्या अगदी शेवटच्या ओळीवर खूण केली: किनारी अधिवासांचे संवर्धन.

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मीही तिथं बसलो होतो.

"सर, आपल्याकडं समुद्र कुठं आहे?"

"नाई न सर. म्हणूनच तं."

"म्हणूनच काय?"

"ज्यायच्याकडं हाय थे रोज पायतात. आपल्या पोट्ट्यायनं कवा पायला?"

"अहो, पैनगंगेवर करा. नदी आहे आपली."

"थे तं करतोच. पैनगंगा कुठी जाते सर?"

प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"वर्धेत जाते. वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत अन् गोदावरी समुद्रात. आपल्या बसस्टँडवरची पुडी बंगालच्या उपसागरात पोचते. पोट्ट्यायनं एकदा जाऊन पायलं पायजे, आपण कुठी कुठी पोचून राह्यलो थे."

"मग तुम्ही तर कोकणात जायचं लिहिलंय. तो अरबी समुद्र."

"हो सर. बंगालच्या उपसागराचं रिझर्वेशन भेटलं नाई."

प्राचार्यांनी सही केली. त्यांना वाटलं, इतक्या लांब जाणार कोण?

सरांचा एक नियम होता. सेवा पहिले, नाव मंग. नदीकाठी नेलं आणि एखाद्या पोरानं विचारलं, सर हा कोणता पक्षी, तर सर उलट विचारत, "तू काय केलं त्याच्यासाठी?"

"काही नाही सर."

"मंग नाव कायले पायजे तुले? ओळख ना पायख."

मग त्या पोरानं त्या पक्ष्याचा काठ झाडायचा. एका पोराला तीन रविवार झाडायला लावलं आणि चौथ्या रविवारी नाव सांगितलं, टिटवी.

पोरगा चिडला. "मले माईतच होतं सर! आमच्या वावरात रोज बोंबलते थे!"

"अंडी कुठी घालते?"

"थे त्या पांढऱ्या गोट्यायच्या मधात. चार हायेत. सारखी गोट्यावानीच दिसतात."

"हे माईत होतं काय तुले?"

पोरानं नकारार्थी मान हलवली.

"मंग तीन आयतवारात फुकट काय गेलं तुहं?"

पुस्तकातलं प्रकरण ते शेवटी शिकवत, आणि तोवर ते शिकवायची गरज उरलेली नसे. आम्ही बाकीचे प्रकरण आधी शिकवत होतो. आमच्याकडेही पुढं काही उरत नसे.

कोकणात समुद्री कासवाची मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. कुत्री, कोल्हे ती उकरून खातात. म्हणून गावातली माणसं अंडी हलक्या हातानं काढून कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरतात. अडचण एवढीच, की अंडं जसं होतं तसंच राहिलं पाहिजे. वरची बाजू खाली गेली की आतला जीव संपला. आमच्या पोरांना हे कुठं शिकवणार? सरांनी क्रीडा विभागातून टेबल टेनिसचे दीडशे चेंडू आणले. आणले म्हणजे सांगून नव्हे. प्रत्येक चेंडूवर पेन्सिलनं एक ठिपका काढला, बादल्यांत वाळू घालून ते मांडले आणि पोरापोरींना सांगितलं, हे बांधावरून उचलून दुसऱ्या बांधापर्यंत न्यायचे आणि ठिपका वर राहिला पाहिजे.

कपाशीच्या तासातून, म्हणजे दोन ओळींमधल्या सरीतून, पंचवीस पोरं बादल्या घेऊन, श्वास रोखून, कडेवर तान्हं लेकरू असल्यासारखी चालली आहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलं. शेताचे मालक बांधावर उकिडवे बसून पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काय हो गुर्जी, काय पेरून राह्यले हे?"

"कासव."

"उगवते कवा?"

"पन्नास दिसात."

"सोयाबीनपरीस बरं हाय," ते म्हणाले. "भाव काय हाय?"

क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे लेखी तक्रार केली. मी लेखी खुलासा मागवला. सरांनी एका ओळीत खुलासा दिला, 'सर्व चेंडू सुखरूप आहेत. तीन उलटे झाले, त्या विद्यार्थ्यांना पुन्हा पाठविले आहे.'

त्या पोरांत रुबिना होती. उमरखेडच्या एका मेकॅनिकची मुलगी. सरांना वाटलं, तिला घरून परवानगी मिळणार नाही, म्हणून ते गॅरेजवर गेले. मला बरोबर नेलं, कारण उपप्राचार्य बरोबर असले की बापाला बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. तिचे अब्बा जीपखालून बाहेर आले.

"समुंदर? उधर क्या काम है इसका?"

"झाडू मारना है, अब्बा," रुबिनाच म्हणाली.

"घर में तो मारती नहीं. उधर जाके मारेगी?"

"उधर नंबर मिलते."

ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग सरांना म्हणाले, "लेके जाओ. मगर गुरुजी, वापस आई तो घर में भी मारना चाहिए. ये लिख के दो." सरांनी खरोखर लिहून दिलं.

पहिल्या वर्षी मी गेलो नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. पण दोन्ही वर्षांचे अहवाल मीच लिहिले. त्यात 'निळाशार' हा शब्द सात वेळा आला. सरांनी अहवाल वाचून मला सांगितलं, "सर, थो निळा नाई. मातकट हाय, त्या बाजूनं."

मी म्हणालो, "अहवालात निळाच असतो."

तिथं काय झालं ते मला पोरांकडून कळलं. त्या गावात कासवांची घरटी सांभाळणारे एक काका होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सरांना ऐकवलं, "लांबून आलात हो. फोटो काढाल नि जाल. येतात तसे पुष्कळ." सर म्हणाले, "फोटोचा मोबाईल नाई माह्यापाशी. झाडू कुठी भेटन?" आठ दिवस पोरांनी किनारा झाडला. बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे पोत्यांत भरले आणि प्रत्येक पोत्याची नोंद केली. तीन दिवस काकांनी त्यांना घरट्यांजवळ फिरकूही दिलं नाही. चौथ्या दिवशी एक बादली दिली. मग त्यांनी पाहिलं, की एकाही अंड्याची कूस बदलली नाही.

"समुद्र न बघितलेल्या पोरांचा हात एवढा स्थिर कसा काय?" काका म्हणाले.

"आमी तासातून नेलते न काका," रुबिना म्हणाली. "ढेकळायतून. हे तं नुसती वाळू हाय."

दुसऱ्या वर्षी काकांनी कुंपणाची किल्ली सरांच्या हातात दिली. मी अहवालात लिहिलं, 'स्थानिक समुदायाशी भावनिक नाते दृढ झाले.' किल्लीचा उल्लेख करायचा राहिला. ती कुठल्या मुद्द्याखाली टाकावी ते कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजचं मूल्यांकन होतं. समितीपुढं ठेवायच्या अहवालाचा मी समन्वयक. सगळं तयार होतं, मुखपृष्ठ तेवढं नव्हतं. मला सुचलं, की आमचे संस्थेचे अध्यक्ष समुद्रकिनारी कासवाचं पिल्लू सोडताहेत, असा फोटो पाहिजे. अध्यक्ष त्या आठवड्यात मुंबईतच होते, ते गाडीनं येतो म्हणाले. म्हणून मी पोरांबरोबर निघालो. सामानात एक चादर, मधुमेहाच्या गोळ्या आणि बारा बाय आठचा फ्लेक्स.

फ्लेक्सवर मजकूर होता, 'सागरी जैवविविधता संवर्धनातून समाजसेवा'. डाव्या बाजूला कासव, उजव्या बाजूला अध्यक्ष. अध्यक्ष कासवाच्या सहापट मोठे होते. सरांनी तो उलगडून पाहिला आणि विचारलं, "सर, हे बी इथंच सोडाचं हाय काय?"

संध्याकाळी मी तो दोन बांबूंना बांधून घेतला. समुद्राच्या वाऱ्याचा मला अंदाज नव्हता; आमच्याकडचा वारा धूळ उडवतो, अध्यक्षांना उडवत नाही. दोरी तुटली आणि बारा बाय आठ समुद्रात गेला. चार पोरं कमरेइतक्या पाण्यात जाऊन तो ओढून घेऊन आली. रुबिना कचऱ्याची वही घेऊन उभी होती. तिनं शांतपणे नोंद केली, 'फ्लेक्स, नग एक, मालक आमचे कॉलेज.' मी म्हणालो, ही नोंद खोड. ती म्हणाली, "सरांनी सांगतलं हाय, पाण्यातून निंगालं थे लिवाचं. कोनाचं बी असो." मी फ्लेक्स पुन्हा बांधला, आणि या वेळी खाली वाळूच्या गोण्या लावल्या.

इथून पुढं हसण्यासारखं काही नाही. पण ते लिहिण्यासाठीच मी बसलो आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना एका घरट्यावरची टोपली उचलली तर वाळू हलत होती. शहाऐंशी पिल्लं वर आली. तळहाताएवढीही नाहीत, काळी, चिकाटीनं हातपाय मारणारी. काका शेजारच्या किनाऱ्यावर दुसऱ्या घरट्यासाठी जायला निघाले होते. सर आहेत म्हटल्यावर ते निर्धास्त गेले. सर मला म्हणाले, "आता सोडाचे सर. ऊन वाळूले लागाच्या आत. अंड्यातून आणलेली जेवढी ताकत हाय, तेवढ्यातच त्यायले आत जाचं हाय. इथं हातपाय मारत बसले तं तिथं पोहतीन कशानं?"

मी म्हणालो, "अर्धा तास. साहेब निघालेत."

पिल्लं ओल्या वाळूच्या टबात ठेवली. अर्ध्या तासाचा एक तास झाला, एकाचे दोन. सरांनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला. मी पोरांच्या देखत म्हणालो, "सर, इथं उपप्राचार्य कोण आहे?" त्यांनी अंगातला शर्ट काढून समुद्रात भिजवला, टबावर धरला आणि ते टबाला टेकून वाळूत बसले.

नऊच्या सुमाराला अध्यक्षांचा फोन आला. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी जरा बाजूला झालो. अध्यक्ष म्हणाले, "अरे, आम्ही चिपळूणच्या अलीकडंच अडकलो आहोत. माझी वाट पाहू नका. सोडून द्या ती पिल्लं, जीव आहेत ते."

मी "बरं साहेब" म्हणालो आणि फोन खिशात टाकला. पोरांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, "येताहेत. थांबा म्हणाले."

हे वाक्य मी अकरा वर्षांत पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. थांबा असं अध्यक्ष म्हणाले नव्हते. थांबलो मी. मला मुखपृष्ठ पाहिजे होतं.

रुबिना टबाजवळ आली होती. "सर, थे दमले. पाहा न. काही तं हलूनच नाई राह्यले. सोडा न सर." मी तिला फ्लेक्स धरायला पाठवलं.

साडेदहाच्या पुढं गाडी आली. वाळू तोवर चटके देत होती. मी सरांना म्हणालो, "तुम्ही जरा बाजूला व्हा, बनियनवर आहात. फोटोत बरं दिसत नाही." ते बाजूला झाले. अध्यक्षांच्या तळहातावर एक पिल्लू ठेवलं आणि फोटो निघाला. चांगला निघाला. तो आमच्या मुखपृष्ठावर आला, नंतर कॉलेजच्या माहितीपत्रकावर आला, आणि आजही प्राचार्यांच्या खोलीत फ्रेम करून लावलेला आहे. त्या फोटोतलं पिल्लू मेलेलं आहे. अध्यक्षांना कळलं नाही. मला कळलं होतं.

एक्केचाळीस पिल्लं मेली. बाकीची गेली, ती किती पुढं गेली कुणास ठाऊक. काका दुपारी परतले. त्यांनी टब पाहिला, सरांपुढं हात केला आणि किल्ली परत घेतली. आठवड्याभरात गावाचं पत्र आलं, पुढच्या वर्षी येऊ नये. त्यानंतर वनखात्याचं पत्र आलं, खुलासा करावा. खुलासे लिहिणारा मी. मी लिहिलं, 'संबंधित प्राध्यापकांच्या निष्काळजीपणामुळे पिल्ले वेळेत सोडली गेली नाहीत.' संस्थेनं त्यावरून सरांना समज दिली, सेवापुस्तिकेत शेरा मारला आणि विद्यार्थ्यांना बाहेर नेण्यास मनाई केली. समुद्राचा उपक्रम तिथंच संपला.

बाहेर कुणी विचारलं तर मी वेगळं सांगत असे. आवाज खाली आणून सांगायचो, "अहो, साहेबांमुळे उशीर झाला, आता कुठं बोलायचं?" म्हणजे कागदावर सर दोषी होते आणि चहाच्या टपरीवर अध्यक्ष. मी दोन्हीकडं हळहळत होतो. मूल्यांकनात आमची श्रेणी वाढली. मला शाल मिळाली. अध्यक्ष पुढं वारले. आज त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव आहेत. वडिलांबद्दल गावात जे बोललं जातं ते त्यांच्या कानावर असणार. ते खोटं होतं आणि मी पसरवलेलं होतं, एवढं त्यांना या लेखातून कळावं.

सर निवृत्त होईपर्यंत फळ्यावर समुद्र शिकवत राहिले. चौकशीत त्यांना विचारलं, काही सांगायचं आहे का? ते म्हणाले, नाही. मला वाटलं, बिचारा भिडस्त माणूस. त्यांच्या भिडेवर मी अकरा वर्षं काढली. रुबिना आता दिग्रसकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. बसस्टँडवर कधी दिसली तर नमस्कार करते. थांबत नाही.

या लेखाचा मसुदा आणि संस्थेच्या नावे एक अर्ज असं घेऊन मी गेल्या आठवड्यात ढाणकीला गेलो. अर्जात लिहिलं होतं, की संबंधित प्राध्यापक निर्दोष असून त्यांच्या सेवापुस्तिकेतील शेरा रद्द करावा. सर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. वहिनींनी आतून विचारलं, "कोन आलं व?"

"कॉलेजातले मोठे सर."

"चहा ठेवू काय?"

"ठेव. बिनसाखरेचा. त्यायले शुगर हाय."

मी कागद दिले. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे चुकलं, सर."

मी पुढं वाकून पाहिलं.

"एकोणचाळीस लिवलं तुमी. एक्केचाळीस. दोन बुडाच्या वाळूत होते. टब धुताना सापडले."

मी आकडा दुरुस्त केला. ते पुढं वाचत गेले. फोनच्या परिच्छेदावर थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. पानं जुळवून त्यांनी खाली ठेवली.

मीच म्हणालो, "फोनचं वाचलं ना? साहेब सोडा म्हणाले होते."

"वाचलं. ऐकलंबी होतं. तुमचा फोन लय जोरात बोलते."

"तुम्ही तेव्हाच ऐकलं होतं?"

"टबापाशीच तं बसलो होतो."

वहिनी चहा ठेवून गेल्या.

"मग चौकशीत बोलला का नाहीत? एक वाक्य बोलला असता तर माझी नोकरी गेली असती, पण तुमच्यावर शेरा नसता आला."

"काय बोललो असतो? साहेबानं सोडा म्हटलं, थे मी ऐकलं. मंग मले कोनाची वाट पाहाची होती? टब माह्या मांडीले टेकून होता. समुद्र पन्नास पावलावर. आडवा केला असता तं काम झालं असतं. तुमी काय केलं असतं, मले बुडवलं असतं?" ते हसले नाहीत. "मी तुमच्या तोंडाकडं पाहत बसलो सर. दीड तास. वरतून शर्ट धरला, मोठी सेवा केल्यावानी."

मी म्हणालो, "ते तुम्ही माझ्या हुद्द्याला भिऊन केलं. दोष माझा आहे. म्हणून तर हा अर्ज आणला. शेरा खोडायला लावतो."

"खोडू नका."

"का?"

"निष्काळजीपणा झाला नं? झाला. माहाबी झाला. पोट्ट्यायनं पायला. आता मी निर्दोष म्हणून लिवलं तं रुबिना काय म्हणन? अन् तुमी अकरा वर्सानं अजून एक खोटा अहवाल लिवला, असं होईन."

त्यांनी अर्ज माझ्याकडं सरकवला आणि पुन्हा शेंगा ओढल्या. "वाक्य हाय तसं ठेवा. 'संबंधित प्राध्यापकांच्या' हाय, तिथं 'दोन्ही प्राध्यापकांच्या' करा. तुमचं नाव पहिले टाका. माहं खाली."

मी तिथंच ओसरीवर बसून दुसरा अर्ज लिहिला. शेरा रद्द करावा अशी विनंती त्यात नाही. त्या शेऱ्यात आणखी एक माणूस वाढवावा अशी आहे. अर्ज संस्थेकडं पोचला आहे. असा अर्ज कुठल्या नियमाखाली घ्यावा हे कळत नसल्यामुळं तो अजून टेबलावरच पडून आहे, असं हेडक्लार्कनं मला फोनवर सांगितलं.